इंजिन मूळचंच आहे!

...आणि वर दीर मलाच विचारतात, 'वहिनी, तुम्हाला पिकअप कशाला हवी? विटा वाहणार आहात का?' आता काय बोलायचं! अहो, दारात उभी होती ती विकली कुणी? हे गेले, मी आतल्या खोलीत पडून होते, आणि हा माणूस हात झटकत आत आला, 'वहिनी, अंगण मोकळं करून दिलं बरं का!' मला वाटलं पालापाचोळा झाडला असेल. खिडकीतून बघते तर पिकअप गायब! फरशीवर तेलाचा डाग तेवढा शिल्लक. तोही पुसायला निघाले होते, मी ओरडले म्हणून राहिला.

तुम्हाला सांगते, त्या पिकअपवर माझं काडीचं प्रेम नव्हतं. ह्यांनी ती एका लाकडाच्या वखारीतून उचलून आणली. दार लागत नाही, काच खाली जात नाही, गेली तर वर येत नाही. मग घेतली का? तर म्हणे, इंजिन मूळचं आहे! मूळचं म्हणजे काय हो? म्हणजे कारखान्यातून गाडीबरोबर जन्माला आलं ते, मधे कुणी बदललेलं नाही ते. बरं, हे कोण? दातांचे डॉक्टर! दिवसभर लोकांच्या तोंडात डोकं आणि संध्याकाळी बॉनेटमध्ये. घरी पाहुणा आला की आधी बॉनेट, मग चहा. माझी सख्खी मावशी, बिचारी गुडघे धरून उभी, आणि हे आपले, 'मावशी, बघा, इंजिन मूळचंच आहे!' मावशी म्हणाली, 'छान आहे हो. आता बसू का?'

मी म्हणायचे, कशावरून मूळचं? तर हसायचे. 'अगं, रस्त्यापलीकडून हसणाऱ्या माणसाची कवळी ओळखतो मी. मला खऱ्याखोट्यातलं कळत नाही?' झालं! पुढे बोलायची सोयच नाही. वर्षातून एकदा त्या इंजिनाला स्वतःच्या हाताने हिरवा रंग द्यायचे, दवाखान्यातला बारीक ब्रश घेऊन. आणि घराच्या भिंतींना? 'बघू.' अजून बघतोच आहोत.

शेवटी शेवटी नाकात नळी होती, डॉक्टर हृदयाचं काहीतरी समजावत होते, आणि हे मला हाताने किल्ली फिरवल्याची खूण करतायत... गाडी रोज चालू करतेस ना? करत होते हो! रोज सकाळी. दहादा किल्ली फिरवावी तेव्हा एकदा खोकायची. तर ती मला परत हवी होती. का, ते विचारू नका. मी दीरांना म्हटलं, जिथे विकलीत तिथे न्या.

गेलो. गॅरेजवाला म्हणजे तोंडाला टाळं नसलेला माणूस. 'या मॅडम, या! तुमची गाडी ना? आहे की! त्या लाल गाडीत आहे आणि शेडमागेही आहे.' म्हणजे? म्हणजे ह्या गृहस्थाने आमचं इंजिन काढून एका चकचकीत लाल पिकअपमध्ये बसवलं, आणि आमच्या सांगाड्यात कुठलं तरी पाण्याच्या पंपासारखं इंजिन कोंबलं. वर मलाच विचारतो, 'आता यातली तुमची कुठली?' आली का पंचाईत! तिकडे ती सीट, ह्यांच्या बसण्याने खड्डा पडलेली, आणि इकडे ते इंजिन. दीर म्हणतात, 'गाडी म्हणजे बॉडी.' गॅरेजवाला म्हणतो, 'छे हो साहेब! गाडी म्हणजे इंजिन. बाकी सगळे कपडे.'

मी म्हटलं, इंजिन. ह्यांचा शब्द. जन्मभर ऐकलेला.

तिथेच थांबायचं की नाही? पण नाही! गॅरेजवाल्याला हौस. 'मॅडम, मूळचं आहे ते नुसतं सांगत नाही, दाखवतो!' मूळचं आहे का, असं मी विचारलंही नव्हतं! घेतली पातळ पट्टी, लागला रंग खरवडायला. हिरव्याखाली हिरवा, त्याखाली पुन्हा हिरवा... आणि खरवडता खरवडता गप्प झाला. बोलका माणूस गप्प झाला ना, की पदर सावरून उभं राहावं. 'मॅडम... इंजिनाचा ठोकळा ओततात तेव्हाच त्यावर सालाचा आकडा उठवतात. हे बघा.' मग मला शेडमागे नेलं, आमच्या सांगाड्याच्या दारावरची पाटी दाखवली. तिच्यावर गाडीचं साल. गाडी आधीची, इंजिन कितीतरी नंतरचं! म्हणजे शरीर आधी जन्मलं आणि काळीज मागाहून आलं!

'वखारीत असतानाच कुणीतरी बदललंय,' तो म्हणाला. 'साहेबांना माहीत नसेल... किंवा असेल.'

किंवा असेल! मग ते थरावर थर रंग, ते काय होतं? प्रेम होतं की पांघरूण? आता कुणाला विचारू? मला असा संताप आला म्हणून सांगते, मी तिथेच, त्या लाल बॉनेटसमोर, मोठ्याने म्हटलं, 'बघा! मी काय म्हणत होते? कशावरून मूळचं?' ...दीर आणि गॅरेजवाला एकमेकांकडे बघायला लागले. मग मी बॉनेट लावून टाकलं.

दीर हळूच म्हणाले, 'वहिनी, आता दोन्हीत अर्थ नाही. चला घरी.' गॅरेजवाला म्हणाला, 'सांगाडा मात्र अस्सल मूळचा आहे हं.' ऐकलंत? म्हणजे मूळचं काय होतं? तर ते न लागणारं दार! ज्याला हे रोज शिव्या घालायचे, ते!

मी लाल गाडीच घेतली. त्या इंजिनासकट. उरलेला हिरवा रंग खरवडायचा नाही, एवढंच बजावलं. गॅरेजवाला म्हणाला, 'पण मॅडम, आता कळलंय ना तुम्हाला?' मी म्हटलं, कळलंय म्हणूनच.

आता उभी आहे दारात. रोज सकाळी मी किल्ली फिरवते, ती खोकते, बंद पडते. तुम्हाला सांगते, या घरात प्रत्येक वादात हेच जिंकले. हा एकच वाद मी जिंकले, पुराव्यानिशी, दोन साक्षीदारांसमोर... आणि 'हरलो' म्हणायला माणूसच घरात नाही.