अडकलेली पत्रिका

मोबाइलची काच बदलायला गारखेड्याच्या दुकानात आलेल्या द्वारकाबाई बाकावर बसून ऐकत होत्या. समोर बिभीषण मेकॅनिक सुरेखाचा कॉम्प्युटर तपासत होता.

“ताई, मेल येतात, पण जात नायत. पाठवायच्या सेटिंगला जुनाच पासवर्ड ऱ्हायलाय. ही लग्नाची पत्रिका मार्चपासून हितंच अडकलीय बघा.”

“काय सांगता! पोरीच्या लग्नाची, भावाला धाडली होती ती.”

“मामाची पत्रिका कुंकू लावून हातानं द्यावी, बाई,” द्वारकाबाईंना राहवलं नाही.

“शेतावरनं आम्ही भावंडं कोर्टात गेलतो, मावशी. कोणत्या तोंडानं जाऊ? तो लिवायचा, ‘ताई, लग्नाची तारीख कळव.’ मला वाटलं, मुद्दाम खिजवतोय. पोरीमागं मामा म्हणून चुलतभाऊ उभा केला मी.”

“झालं बघा. टाकला नवा पासवर्ड.”

“थांबा! पत्रिकेखाली लग्नानंतरचा एक मेल हाय. तो आधी पुसा.”

“काय हाय त्यात?” बिभीषणनं विचारलं.

“‘आजपासून मला भाऊ मेला.’”

“ताई, पासवर्ड बसला की अडकलेलं सगळं आपोआप जातं. दोन्ही गेले.”

थोड्या वेळानं कॉम्प्युटर टिंग वाजला.

“भावाचाच हाय. उघडू?”

“नको,” सुरेखा म्हणाली. “बंद करा ते.”