नेच्याला फळ नसतं

आमचे पूर्वज बेंगळुरात कधी आले ते आजोबांनाही सांगता येत नसे, घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, असंच चालत आलं. मी बसवनगुडीत टाइल्सच्या दुकानात हिशेब बघतो, राहतो जे. पी. नगरला, तिथल्या गॅलरीत माझे नेचे. लोक सरसकट फर्न म्हणतात, मला ते चालत नाही, हंसराज वेगळा, पक्ष्याच्या घरट्यासारखा दिसतो तो वेगळा, प्रत्येक कुंडीला नावाची पट्टी, सवयच आहे तशी.

सून म्हणाली होती, मामा, चिन्नू रांगायला लागली, काहीही तोंडात घालते. मामा म्हणजे मी, तिचा सासरा, आणि चिन्नू माझी नात. मी म्हटलं, अगं नेच्याला फूल नाही, फळ नाही, खाणार काय ती?

काय सांगू तुम्हाला, त्या रविवारी चिन्नूचे ओठ लाल दिसले, सून ओरडली, मामा, काय खाल्लं हिनं, मी म्हटलं, तुझ्या माळेतला मणी असेल, कारण नेच्याला फळ नसतं हेच डोक्यात. मग एका झुबकेदार झाडाच्या कुंडीत वाकून बघितलं तर लाल फळं, वाटाण्याएवढी, एक चावलेलं. पाती उलटल्या, तर नेच्याच्या पानामागे असतात ते बीजाणूंचे तपकिरी ठिपके कुठेच नाहीत, उलट बोटाला काटा टोचला. आणि पट्टीवर माझ्याच अक्षरात, फर्न. हा नेचा नव्हेच, मग आहे काय, पोरीच्या पोटात काय गेलं?

रिक्षात सुनेच्या मांडीवर चिन्नू, माझ्या मांडीवर कुंडी. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, झाडाचं नाव? मी म्हटलं, नर्सरीवाला फर्न म्हणाला होता. त्या म्हणाल्या, फर्नला फळं येतात का? मी कुंडी पुढे केली. त्यांनी फोटो कुणाला तरी पाठवला, उत्तर येईपर्यंत चिन्नू ओकत होती आणि सून माझ्याकडे बघत नव्हती. शेवटी बाई म्हणाल्या, शतावरीच्या जातीतलं आहे, नेच्याशी नातं नाही, पोट बिघडेल, जिवाला धोका दिसत नाही, पण लक्ष ठेवा.

कुंडीतलं झाड मी त्याच दिवशी उपटून टाकलं. चिन्नू आता पळते, बडबडते. सून म्हणते, सरी मामा, ठीक आहे, झालं ते, सोडा आता. पण पोर स्वल्प गप्प बसली की मी तिला तोंड उघडायला लावतो. तिला तो खेळच वाटतो, मला बघितलं की आपणच आ करते. देव तिला सुखरूप ठेवो. मी रोज वाकून बघतो, दात दिसतात, जीभ दिसते, आणखी काही नसतं.