सगळीकडे नयनचं नाव

ठाकुर्लीच्या बँकेत रांगेत माझ्या पुढे दोन म्हातारे होते, बऱ्याच महिन्यांनी भेटलेले.

“गुणाजी, तुझं अजून तसंच ना? थोडं एफडीत, थोडं पोस्टात, थोडं सोन्यात, थोडं म्युच्युअल फंडात?”

“तसंच. एक बुडालं तर दुसरं तारतं.”

“आणि मध्ये हात लावायचा नाही!”

“नाहीच लावला. पोरासाठी होतं ना सगळं, नयनसाठी.”

“मग आज काय काम काढलंस?”

“नॉमिनी बदलायचाय. सगळीकडे त्या एकट्याचंच नाव लावलेलं.”

“का रे, भांडलात की काय?”

“गणपतीच्या आधी गेला तो. हार्ट अटॅक.”

“अरे देवा… मग आता कोणाचं नाव लावणार?”

गुणाजी माझ्याकडे वळले.

“ताई, तुम्ही व्हा पुढे. माझं अजून ठरत नाहीये.”