बावीस वर्षांचा गुडघा

मंचरला हाडांच्या दवाखान्यात उज्ज्वला नंबरची वाट बघत बसली होती. शेजारी शिनोलीचे सयाजीबाबा गुडघ्याला पट्टी बांधलेल्या एका उंच तरुणाची चौकशी करत होते, ते ती ऐकत होती.

"झाडावरनं पडला का, पावणं?"

"नाय बाबा. पुण्यात कंपनीच्या टीमकडनं बास्केटबॉल खेळतो."

"वय?"

"बावीस."

"मी खांदा दाखवायला आलोय, पण माजा सत्तरीचा गुडघा अजून डोंगर चढतोय की!"

"तुमी भात लावून झाला की बसता. आमी सातवीपासनं बारा महिने उड्याच मारतोय."

"आरं, बैलालाबी आमी नांगरट झाली की मोकळा सोडतो. तू बी बस की."

"बसलो तर जागा दुसऱ्याला जाती. रविवारी फायनल हाय, दुखणं दाबायचं इंजेक्शन घ्यायला आलोय."

"माजा नंबर तुज्या आधी हाय. डॉक्टरला सांगतो, ह्याला खेळू देऊ नका, मला भात लावायला न्यायचाय."

"सांगाच बाबा. माज्या तोंडून नाय निघायचं."