दोन शिट्ट्या आणि वरचा मजला

—हळू बोलायचं काय कारण न्हाय गं, इथं कोण झोपलेलं न्हाय. मघापासनं बघालोय, गेट उघडून आत आलीस तेव्हापासनं तू नुसती कुजबुजालीस. बस. त्या खुर्चीवर नको, ती कुरकुरते — न्हाय, बस की, त्याच खुर्चीवर बस, कुरकुरू दे तिला. पाणी घे, गाळलेलं हाय. का हसालीस? 'बघालोय' म्हटलं म्हणून? आमच्याकडं बायका असंच बोलतात बाई, मी आलो, मी गेलो. तू कबनूरची न्हवं? मग तुझी आई काय वेगळं बोलते व्हय? माझी सून दीपा पुण्याची. लग्न होऊन पहिल्यांदा या घरात आली, तेव्हा मी आतनं म्हटलं, 'थांब, मी चहा टाकतो' — तर ती बिचारी डोक्यावरनं पदर घेऊन उभी राहिली, सासरे चहा करालेत म्हणून.

तर तुला हंबीररावांनी पाठवलं. आमच्या कॉलनीचे सेक्रेटरी ते. त्यांनी काय सांगितलं असणार मला पाठ हाय — सुरेखाकाकूंचा वरचा मजला रिकामा हाय, दोन खोल्या नि किचन, काकू एकट्या असतात, जैन हायत, त्यांना शांत माणूस पाहिजे, आवाज चालत न्हाय. हेच न्हवं? वाटलंच मला. म्हणून तू येताना आवाज घरी ठेवून आलीस. आता कॉलनी शांत हाय, त्यात खोटं काय न्हाय. कळंब्याच्या रस्त्यावरनं आत वळलीस की कान बंद झाल्यासारखं वाटलं असेल बघ. इथं दुपारी कुत्रं भुंकलं तर लोक बाहेर येऊन बघत न्हायत, ग्रुपवर टाकतात, कुणाचं कुत्रं म्हणून. भाजीवाल्याचा भोंगा हंबीररावांनी बंद करून टाकला. आता तो येतो आणि गाडी लावून मुकाट उभा राहतो. आपणच खिडकीतनं डोकवायचं, आलाय काय म्हणून. परवा उभा राहून राहून कंटाळला आणि निघून गेला, आणि सगळ्या कॉलनीनं रात्री पिठलं खाल्लं. सगळ्यांनी म्हणजे — मी दिवस बुडायच्या आत खातो, पण पिठलंच.

बरं, आता नियम सांगतो. मोना न्हवं का तुझं नाव? खरं नाव की लाडाचं? खरंच, बरं. ऐक मोना. गेट रात्री नऊला बंद. चालेल? भिंतीला खिळा ठोकायचा न्हाय. ते पण चालेल. पावणंरावळं एका वेळी दोनच, आणि दुपारी मिक्सर लावायचा न्हाय. चालेल म्हणते. मटण खाता काय तुम्ही? — अगं व्हय म्हण की, खाली काय बघालीस. मी खात न्हाय, म्हणून तू खायचं न्हाय असं कुठं लिहिलंय? हंबीरराव मला सांगतात, काकू, तुम्ही शाकाहारीच भाडेकरू बघा, आणि स्वतः दर रविवारी तांबडा-पांढरा ओरपतात. त्यांच्या रश्श्याचा वास माझ्या दारावरनं जातो. पण तो गुपचूप जातो, भोंगा वाजवत न्हाय, म्हणून कॉलनीला चालतो. तर मटण खुशाल कर. फक्त कुकरच्या शिट्ट्या दोन. दोनच. मटण असू दे न्हायतर तुरीची डाळ. चालेल?

चालेल म्हणते. नवऱ्याला विचार तरी. शिरोलीत कारखान्यात हाय म्हणालीस न्हवं? तो दिवसभर मशिनीत राबून येणार आणि तू त्याला दोन शिट्ट्यांचं मटण घालणार. बरं बाई, तुमचे दात, तुमचं बघा.

तुझ्याआधी बरीच माणसं येऊन गेली. एक प्रोफेसर आलते, रिटायर झालेले. काय गुणी माणूस. घरात पायमोजे घालून चालतात. मी त्यांना वर पाठवलं खोल्या बघायला आणि इथं बसलो, तर अर्धा तास झाला तरी वरनं काय चाहूलच न्हाय. मला वाटलं गेले की काय — म्हणजे निघून गेले की काय. वर जाऊन बघतो तर खिडकीशी उभे, म्हणाले, 'वा, काय शांतता आहे.' मी म्हटलं, हाय ना, पण वरची खोली एका लांबच्या नातेवाइकाला द्यायचा शब्द दिलाय. कसला नातेवाईक नि कसलं काय. मग एक नवराबायको आले, दोघं कॉम्प्युटरवाले, दिवसभर कानात काहीतरी घालून बसणारे. एकमेकांशी पण मोबाइलवरच लिहून बोलतात. त्यांना पण तोच नातेवाईक सांगितला. आता हंबीरराव विचारतात, काकू, तुमचा तो नातेवाईक येणार कधी?

न्हाय, मला भाडेकरू पाहिजेच असं काय न्हाय हां. मला काय कमी हाय? गेटावरची पाटी वाचलीस न्हवं, नेमगोंडा पाटील. ह्यांनी स्वतः उभं राहून हे घर बांधलं, खालचा मजला आधी, वरचा अभिनंदनच्या लग्नाला. अभिनंदन माझा मुलगा. तो आता पुण्यात, अकराव्या मजल्यावर. तो म्हणतो, आई, या महिन्यात वर कोण आलं न्हाय तर घराला कुलूप घालायचं आणि तू इकडं यायचं. प्रेमानंच म्हणतो. दीपा पण म्हणते, आई, तुमची खोली तयार हाय, खिडकीतनं डोंगर दिसतो. मी दोन वेळा जाऊन राहून आलो. डोंगर दिसतो, खरं हाय. पण अकराव्या मजल्यावरनं कुणाला हाक मारणार? डोंगराला? — हे तुला सांगायचं काय कारण न्हवतं खरं तर. चहा घेतीस? मी घेत न्हाय आता, मला जेवायचं हाय. अजून उजेड हाय की. बस.

भाकरी थापतीस की न्हाय? — विकत आणता? बरं. हल्ली सगळेच आणतात. न्हाय, तक्रार कसली, असंच विचारलं. आधीची थापायची. निशा. ती आणि तिचा नवरा प्रसेनजीत, चार वर्षं होते वर. तो डेअरीत नोकरीला. हंबीररावांनी तेव्हा माझ्याजवळ येऊन त्यांचं आडनाव विचारलंतं, असं बारीक आवाजात, तू बोलालीस तसंच. मी म्हटलं, आडनाव काय वर चालताना वाजतंय व्हय? आडनाव न्हाय वाजलं, पण निशा वाजायची. काय वाजायची म्हणून सांगू. चालली तर जिना हलायचा. फोनवर बहिणीशी बोलली तर मला तिच्या बहिणीच्या घरचं सगळं कळायचं. आणि भाकरी — बरोबर माझ्या डोक्यावर तिचा ओटा, धप धप धप, ज्वारीची भाकरी, रोज दोन वेळा. आता माझ्या किचनात एक लोखंडी पाईप हाय, वरच्या टाकीतनं येतो, तिच्या किचनमधनं खाली माझ्या किचनमध्ये. मी उलथनं घ्यायचं आणि त्या पाईपवर दोनदा ठोकायचं. टण टण. म्हणजे काय, तर बास करा, डोकं उठलं. की वर शांत. पाच मिनिटं शांत. मग परत धप धप. मग परत मी टण टण. असा आमचा संसार.

मग एका रविवारी मी पडलो. इथंच, किचनात. फरशीवर तेल सांडलंतं, पाय गेला. कंबरेतनं अशी कळ आली की ओरडायला श्वासच पुरंना. फोन इथं हॉलमध्ये. बाहेर आपली शांत कॉलनी, सगळ्यांच्या खिडक्या बंद. हातात उलथनं तेवढं राहिलंतं, आणि पाईप हाताशी. वर भाकरी चाललेली, धप धप. मी ठोकलं, टण टण. आणि वर काय झालं असेल सांग बघू? — भाकरी थांबली. मी परत ठोकलं. तर टीव्ही बंद झाला. परत ठोकलं, तर चालणं बंद. मी खाली मरालोय आणि हे वर माझ्यासाठी शांतता पाळालेत. जेवढं मी ठोकीन तेवढे ते गप्प. शेवटी पंखा पण बंद केला गं त्यांनी, पंख्याचा आवाज होतोय म्हणून. हसू नको. हस, हस, मला पण आता हसूच येतं. तेव्हा न्हाय आलं. तेव्हा वाटलं, हे असंच जायचं. इतकी शांतता मी आयुष्यात ऐकली न्हवती.

आणि मग जिना वाजला. चपला फाडफाड आपटत निशा खाली आली, दार ढकललं आणि तिथनंच ओरडली, 'काकू, आता काय श्वास घ्यायचा पण बंद करू?' भांडायला आलती. चार वर्षांत पहिल्यांदा. आणि मग तिनं मला बघितलं. पिठाच्या हातानंच उचललं मला तिनं. दवाखान्यात नर्स विचारालती, पातळावर हे पांढरे पंजे कसले. मी सांगितलं, ज्वारीचे.

अभिनंदनला यातलं काय माहीत न्हाय हां. त्याला सांगितलं पाय जरा मुरगळला. तू पण बोलायचं न्हाय, तो फोन करील तुला. त्या दिवसानंतर आम्ही ठरवून टाकलं. सकाळी उठलं की मी पाईपवर एकदा ठोकायचं, वरनं तिनं एकदा. बास. म्हणजे तू हाईस, मी हाय. टण, आणि टण. मग वैशाखात प्रसेनजीतची बदली झाली वारणानगरला, क्वार्टर मिळाली, गेले. जाताना निशा म्हणाली, काकू, आता तुम्हाला शांत झोप लागंल. लागते की. पहाटेपर्यंत छताकडं बघत शांत पडलेलो असतो. सकाळी उठून सवयीनं पाईपवर ठोकतो, एकदा. आणि उलथनं जागेवर ठेवतो.

तर असं हाय. तू चांगली पोरगी हाईस मोना, खरंच. पण तुझं सगळंच चालेल, आणि मला — काय सांगू, वरची खोली एका नातेवाइकाला — काय म्हणालीस? मोठ्यानं बोल. तुमच्या कबनूरात असं कोण बोलतं व्हय, यंत्रमागांच्या खडखडाटात? तिथं तर शेजारणीला मीठ मागायचं तर बोंबलावं लागतं. काय? परत सांग. — माग बंद पडले की जाग येते? सगळ्यांना? लाइट गेली, माग थांबले की सगळी गल्ली ताडकन उठून बसते? पोरं पण? आणि परत खडखड सुरू झाली की झोपतात. असं व्हय. हे मला म्हाईत न्हवतं. मग इथं कशी झोपणार तू बाई? — झोप लागत न्हाय म्हणते. लग्न होऊन कबनूर सुटल्यापासनं. कुणाला सांगितलं न्हाईस? न्हाय, कुणाला सांगणार. लोक म्हणतील काय खूळ हाय.

काय? — थांब. हे परत म्हण. खुर्चीत नीट बस, आणि मला म्हण.

'काकू, दोन शिट्ट्यांत मटण शिजत न्हाय.'

आता कसं. हा आवाज कुठं होता मघापासनं? किती लागतात मग? सहा? आणि बोकड जून असला तर आठ? अगं मग चालेल चालेल काय करालतीस इतका वेळ? आणखी काय चालत न्हाय, बोल. — गेट नऊला बंद केलं तर नवरा दुसऱ्या पाळीवरनं आल्यावर भिंतीवरनं उडी मारणार काय? बरोबर हाय, तुझी किल्ली तुझ्याजवळ. खिळा? कॅलेंडरला पाहिजे म्हणते. ठोक. मिक्सर — हे बघ, मिक्सरवर आपण भांडू, सगळं आजच नको. आणि भाकरी विकत आणायची न्हाय, थापायची. येत न्हाय? मग मी शिकवतो. पहिले पंधरा दिवस नुसती परात वाजली तरी चालेल.

हे उलथनं घे. घे की, तुझ्याच हातात देतोय. बाहेरच्या अंगानं जिना हाय, लोखंडी, चप्पल काढू नको. किचनात ओट्याच्या डाव्या बाजूला तो पाईप दिसेल, पांढरा रंग दिलाय, आणि एका जागी रंग उडालाय. तिथंच निशा ठोकायची. खोल्या नंतर बघ. पंखा लाव, नळ सोड, खिडक्या आपट. हंबीरराव बाहेर आले तर त्यांना म्हण, नातेवाईक आला.

—बाहेर बघ, दिवस बुडाला. बोलण्याच्या नादात माझं जेवण गेलं आजचं, ते तुझ्या नावावर. हसू नको, जा. वर पोचलीस की एकदा ठोक. तोवर मी एक शब्द बोलत न्हाय.