छोट्या नळीचं टोपण

नाही हो, ती शंभर मिलिमीटरवाली दुर्बीण डोक्यातनं काढूनच टाका — कुणी सांगितली? व्हिडिओवाल्यानं? त्याचं काय जातंय सांगायला! मोठी नळी म्हणजे मोठं वजन, मोठं वजन म्हणजे तसाच दणकट स्टँड, अन् नळीतच सगळं बजेट संपलं की मग ती कॅमेऱ्याच्या लुकड्या तिपाईवर बसवायची, वारा आला की हलणार, अन् फोटोत ताऱ्यांच्या शेवया. उभे का तुम्ही शिवराज, बसा की — देवगाव रंगारीला गाड्या काय, संध्याकाळपर्यंत मिळतात. हां. तर मी पस्तीस वर्षं कॉलेजात फिजिक्स शिकवलं, इथं उस्मानपुऱ्यात आमच्या गच्चीवर हजारभर पोरांनी शनीची कडी बघितली असतील, तेव्हा माझं ऐका. आधी स्टँड. असा, की जो ताऱ्यामागं आपण होऊन फिरेल. अर्ध्याहून जास्त पैसा त्याच्यात घाला अन् उरलेल्यात नळी बसवा. लोक उलटं करतात — खोगीर भारी अन् घोडं मरतुकडं.

नळी साठ ते बहात्तरच्या मधली, बास. पण काच ईडी पाहिजे, रंग फाकू न देणारी, हे लिहून घ्या. साध्या काचेत काय होतं — प्रत्येक ठळक ताऱ्याभोवती जांभळी झालर येते; डोळा ती चालवून घेतो, कॅमेरा घेत नाही. नळी आखूड घ्या, आखूड नळीत फोटो लवकर भरतो, मृगाचा तेजोमेघ अख्खा चौकटीत मावतो. नवी परवडत नसेल तर जुनी बघा, त्यात कसला कमीपणा? फक्त टॉर्च मारून भिंगाला बुरशी आहे का ते बघायचं, अन् कॅमेरा लावून नळी आभाळाकडं केली की वजनानं फोकस घसरतो का ते बघायचं. घसरला तर हात जोडायचे अन् निघायचं. अन् तुम्हाला ठाऊकय का, तुमच्याकडं काय आहे ते? अंधार! माझ्याकडं सगळं आहे, अंधार नाही. तिकडनं वाळूजच्या कंपन्यांचा उजेड, इकडनं रस्त्याचे दिवे — आभाळ कसं, ताक ओतल्यासारखं. तुमच्या शेतात अमावस्येला स्वतःचा हात दिसत नाही, लई मोठी दौलत आहे ती, कुठल्या दुकानात मिळायची नाही.

ये अंबिका, ठेव. ठेव तिथंच. हे शिवराज, दुर्बिणीचं विचारायला आलेत. ही आमची सून. देवेश कधी येतोय गं — चारला ना? बरं. बरं बरं. तू आवर तुझं, आम्ही बसलोय. — घ्या, चहा घ्या, आलं घालून छान करते ती. नाही, काही नाही — ट्रे ठेवायच्या आधी ती बोटानं टेबलाची कड चाचपते, सवय झालीय. उजव्या डोळ्यानं तिला समोरचं दिसत नाही. म्हणजे कडेकडेचं दिसतं, मधलं जातं. तुम्ही समोर बसलात तर तुमचे कान दिसतील, केस दिसतील, अन् तोंडाच्या जागी नुसता धुरकट डाग. डावा चांगला आहे, चालतं. चालतं म्हणायचं. पॅथॉलॉजी लॅबमध्ये होती हो, मायक्रोस्कोपवर रक्ताच्या काचा तपासायची, हातखंडा होता तिचा. सोडली नोकरी. जाऊ द्या. चहा निवतोय.

काय? ही भोकं? माझ्या दुर्बिणीच्या पाठीवरची? नजर बारीक आहे तुमची. तिथं फाईंडर होता — छोटी नळी असते, मोठीच्या पाठीवर बसवलेली, नेम धरायला. आधी हिच्यातनं तारा हुडकायचा, मग मोठीला डोळा लावायचा. काढला मी तो. तुम्ही पण घेऊ नका. दुकानदार फुकट देतो म्हणाला तरी नको म्हणा. लागत नाही, कॅमेऱ्यातच सगळं — अहो नको म्हणालो ना! एकदा सांगितलेलं कळत नाही का? ... माफ करा. आवाज चढला माझा. तुम्ही मघाशी पुढच्या वर्षीच्या ग्रहणाचं काढलंत ना, अख्ख्या गावाला दाखवणार म्हणालात, तेव्हापासनं डोकं ठिकाणावर नाही. दाखवा. जरूर दाखवा, मी कशाला नको म्हणू. पण मग तुम्हाला हे सांगायलाच पाहिजे. बसा, कुठं जायचंय तुम्हाला?

एकोणीस सालचं ग्रहण, डिसेंबरातलं, सकाळचं. गच्चीवर चाळीस माणसं. खाली आमची ही देवासमोर — वेध पाळलेले, पाण्यात तुळशीपत्रं, स्वयंपाक बंद. अंबिका पाचव्या महिन्यात. हिनं तिला बजावून ठेवलेलं, मधल्या खोलीत बस, खिडकी लाव, सुरीला हात लावू नको, तू चिरशील तर पोराचा ओठ चिरेल. अन् मी कोण? मी व्यंकटराव! जन्मभर अंधश्रद्धेवर भाषणं ठोकलेला माणूस. मी खाली गेलो, खोलीचं दार उघडलं, म्हणालो, ऊठ पोरी, शिकलेली तू, अन् अंधारात माळ ओढत बसतेस? तिला नव्हतं यायचं हो. सासूचा शब्द मोडायचा म्हणून चेहरा एवढासा झालेला. मी हाताला धरून आणली. मोठ्या नळीच्या तोंडावर सूर्याचा फिल्टर, चहूबाजूनं चिकटपट्टी, तीनदा तपासलेला — त्यात खोट काढून दाखवा! अन् छोट्या नळीला फिल्टर नसतो, तिला टोपण घालायचं, बास, एवढंसं काळं प्लास्टिकचं टोपण. सूर्यावर नेम धरायला ते मी काढलं, छोटीतनं येणारा उजेड तळहातावर घेतला, नळी बरोबर लागली, अन् टोपण सदऱ्याच्या खिशात टाकलं. परत घालायचं राहिलं. माईक आला ना हातात! लोकांना सांगत होतो, ग्रहणानं काही होत नाही, गर्भारणीलासुद्धा होत नाही, ही बघा माझी सून — असं म्हणून मागं हात केला, तर ती छोट्या नळीवर वाकलेली. लॅबमधली सवय तिची, समोर नळी आली की डोळा लावायचा. झगमगाट दिसत असणार, तरी सासऱ्यानं बघ म्हटलंय म्हणून नेटानं बघत राहिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दुखत नाही ते. डोळ्याच्या आतल्या पडद्याला दुखणं कळतच नाही, तेच वाईट. "बाबा, यातनं फार उजेड येतो," एवढंच म्हणाली. दुपारी तांदूळ निवडायला बसली अन् म्हणाली, ताटात मधोमध भोक दिसतंय. संध्याकाळी डॉक्टरकडं नेली. त्यांनी विचारलं, कशातनं बघितलं? ती तोंड उघडायच्या आत मी बोललो. फिल्टर होता, म्हणालो. ते कोड्यात पडले, म्हणाले असतो एखाद्याचा डोळा नाजूक. परत येताना रिक्षात तिनं मला विचारलं — बाबा, मी त्या छोटीतनं बघितलं, ते चुकलं का माझं? अन् मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, नाही गं, दोन्हींना फिल्टर होता. टोपण त्याच सदऱ्याच्या खिशात होतं, शिवराज. बोटाला लागत होतं माझ्या.

आता तिनं काय समजायचं, तुम्हीच सांगा. चाळीस माणसांनी बघितलं, कुणाला काही झालं नाही. झालं ते तिला एकटीला — तीच तेवढी पोटुशी. हिशेब सरळ आहे. आमची ही म्हणाली, ग्रहण बाधलं पोरीला. अन् मी गप्प बसलो. ह्या घरात पहिल्यांदा ग्रहणावरनं भांडण झालं नाही. हिला वाटलं, म्हातारपणी का होईना, मला अक्कल आली. मला तर बरंच वाटलं हो, खोटं कशाला बोलू — त्या राहू-केतूंनी माझी चूक आपल्या डोक्यावर घेतली, अन् मी ज्यांना आयुष्यभर शिव्या घातल्या त्यांच्याच आड लपून बसलो.

मग लॉकडाऊनमध्ये नीरजा झाली. नात माझी. वरचा ओठ फाटलेला.

नाही, आता चांगली आहे, ऑपरेशनं झाली, सहा वर्षांची आहे, दिवसभर तोंड चालू असतं तिचं. पण तेव्हा! ही भिंतीला डोकं टेकून रडली, अन् अंबिका रडलीसुद्धा नाही, नुसती बाळाकडं बघत राहिली, डाव्या डोळ्यानं. मी पुस्तक घेऊन बसलो तिच्यापुढं. म्हणालो, हे बघ पोरी, ओठ जुळतो दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, ग्रहण झालं तेव्हा तुला पाचवा होता; जे व्हायचं ते आधीच होऊन गेलेलं, हजारात एखाद्या लेकराला होतं, तुझा काही दोष नाही. खरं होतं की नाही? शब्द न शब्द खरा! तिनं सगळं ऐकून घेतलं, अन् म्हणाली, "बाबा, डोळ्याला काही होणार नाही असंही तुम्हीच म्हणाला होतात." बस्स. सहा वर्षांत पुन्हा हा विषय काढला नाही. ग्रहण आलं की मायलेकी आतल्या खोलीत, दार लावून. नीरजानं एकदा वहीत काळा सूर्य काढला, तर पान फाडून चुलीत — गॅसवर धरलं आमच्या हिनं.

अन् आता दुसरं राहिलंय. दोन महिने झाले. आज साडेचारला दवाखान्यात नाव घातलंय तिनं, पाडायचंय. देवेश सांगून थकला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सगळं ठीक दिसतंय, नीट विचार करा. ती म्हणते, माझ्या कुशीतच ग्रहण बसलंय, आणखी एका लेकराच्या ओठाला टाके पडलेले मला नाही बघवायचे. तिला नकोय असं नाही हो! परवा नीरजाची झबली काढली, उन्हात घातली, अन् संध्याकाळी घडी करून पुन्हा ट्रंकेत ठेवली. मी बघत होतो. आमची ही सकाळपासून देवापुढं बसलीय, तिला पण वाटतं सूनबाईचंच बरोबर आहे.

माझ्याकडं एक वाक्य आहे. 'टोपण माझ्या खिशात होतं.' एवढंच. एवढं म्हटलं की डोळ्याचं तिला कळेल. ग्रहण नव्हतं, हा थेरडा होता. अन् डोळ्याचं कळलं की ओठाचंही पटेल, मग आज ती जायची नाही — निदान आजच्या दिवस तरी थांबेल. सकाळपासनं तीनदा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो. एकदा पाणी मागितलं. एकदा विचारलं, गॅस कधी लावला होता. तिसऱ्यांदा 'अंबिका' म्हणून हाक मारली अन् तुम्ही बेल वाजवलीत. देवासारखे आलात! म्हणून बसा बसा करतोय, दुसरं काय. सात वर्षं माझ्या गोळ्या ती मोजून देते, बाबा पाणी प्यालात का, बाबा कानटोपी घाला. त्याच तोंडासमोर कसं म्हणू? देवेश काय म्हणेल, ही काय म्हणेल, गच्चीवर येणारी माणसं काय म्हणतील — 'लोकांचं सोडा' असं म्हणायचं असतं. नाही सुटत. मला त्याचंच भ्या आहे, शिवराज. त्या होणाऱ्या लेकराहून मला माझ्या नावाची जास्त काळजी आहे, हे तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आज जाल अन् पुन्हा यायचे नाही.

हॉर्न. देवेशच तो. पावणेचारलाच आला... गप्प बसा जरा, बोलू नका काही.

निघालीस? हां. फाईल घेतली? पाण्याची बाटली? नीरजाला मी आणतो शाळेतनं, तू काळजी करू नको. नाही, चहा झाला आमचा. हो, गोळी घेतो पाचला. ये. ... अंबिका! अगं थांब — अगं ते... काही नाही. गेटची कडी लावून घे, कुत्री शिरतात आत. हं. सावकाश जा.

काय बघतोयस माझ्याकडं? बस खाली. कुठं निघालास? अरे, गाडी अजून दारातच आहे म्हणून काय झालं, तुझा काय संबंध — शिवराज! तू सांगणार? तू कोण सांगणारा, माझ्या घरातलं! बस म्हणतो ना, मी नाही सोडत हात, म्हातारा असलो तरी नाही सोडत — शिवराज, बाबा, पाया पडतो तुझ्या, नको रे, तिला नको सांगू, मी सांगतो, संध्याकाळी सांगतो, आल्यावर सांगतो, ती —

कोपऱ्यावरनं वळली.

गेली गाडी. ... जा आता तुम्ही.