उजवा हात

मुलगा : ग्लोव्हजखालच्या पट्ट्या वाळल्या का गं?

आई : वाळल्यात. तारेवरच आहेत. गुंडाळल्या नाहीत मी.

मुलगा : दर वेळी गुंडाळतेस.

आई : हो रे, दर वेळी.

मुलगा : राहू दे, मी गुंडाळतो. पाचला सराव आहे.

आई : आधी दोन घास खाऊन घे. ताट झाकून ठेवलंय.

मुलगा : आणि तू?

आई : मी नंतर.

मुलगा : परवापासून तुझं नंतरच चाललंय.

आई : बोटं बघू. दुखतात?

मुलगा : नाही. सुई टोचलीस तरी कळायचं नाही. हाड मोडलेलं नाही, डॉक्टरांनी बघितलं. कोच म्हणाले, जिंकलेला हात असाच असतो.

आई : त्यांच्या जिभेला हाड नाही ते बरंय, नाहीतर तेही तपासावं लागलं असतं.

मुलगा : आई.

आई : सकाळी दवाखान्यात जाऊन आले मी. दुसऱ्या मजल्यावर.

मुलगा : कुणी सांगितलं होतं जायला?

आई : कुणी नाही. परवा तुझ्यासमोर खेळला त्या मुलाची आई काचेच्या दाराबाहेर बसलीये. अजून शुद्ध नाही त्याला. मी कोण ते सांगितलं. वाटलं, अंगावर येईल. तर बाई जराशी सरकली आणि बाकावर मला जागा केली.

मुलगा : काय म्हणाली?

आई : म्हणाली, पूर्ण सामना मी डोळे मिटून असते. फक्त शेवटच्या राउंडच्या आधी दोघं ग्लोव्हजला ग्लोव्हज टेकवतात ना, तेवढंच बघते. तेवढ्यापुरती ती भांडणारी पोरं वाटत नाहीत म्हणे.

मुलगा : परवा बघितलं तिने?

आई : बघितलं. म्हणाली, माझ्या मुलाने हात पुढे केले, तुमच्यानेही केला. मग काय झालं कुणास ठाऊक. अपघातच म्हणायचा.

मुलगा : घंटा झाली होती.

आई : बरं.

मुलगा : घंटा झाली की खेळ सुरू. हात टेकवलाच पाहिजे असं नियमात कुठेही नाही. रेफरीने दहा मोजले.

आई : तू एरवी टेकवतोस.

मुलगा : टेकवतो.

आई : मग?

मुलगा : कोच कोपऱ्यात म्हणाले, तो हात पुढे करेल तेव्हा हनुवटी उघडी पडेल. मी उजवा पुढे केला. टेकवायला केल्यासारखा. आणि डाव्याने मारलं.

आई : मला नाही दिसलं ते.

मुलगा : तू समोरच होतीस की.

आई : मी जप करत होते. लोक ओरडले, तेव्हा वाटलं, देवाने ऐकलं.

मुलगा : सगळे म्हणतायत, चपळ आहे पोरगा. मला वाटलं होतं, काहीतरी वाटेल. आनंद नाही, तर निदान भीती. काहीच नाही. हातासारखंच.

आई : रविवारी फायनल ना तुझी?

मुलगा : हो. नाही गेलो तर तीन वर्षं पाण्यात.

आई : मी कुठे अडवलंय?

मुलगा : मग जेव ना. मी रिंगमधून उतरेपर्यंतच असतो ना तुझा उपास? मी केव्हाच उतरलो.

आई : तुला तो नीट सांगितलाच नाही मी कधी. तुझ्या पहिल्या सामन्याआधी देवापुढे बसले, तर नुसतं 'माझा मुलगा' म्हणायला जीभ रेटेना. समोरचाही कुणाचातरीच. म्हणून म्हणाले, दोघंही आपापल्या पायांनी उतरेपर्यंत अन्नाला शिवणार नाही.

मुलगा : दोघंही?

आई : आजवर अशी वेळच आली नव्हती.

(पंख्याखाली झाकलेलं ताट तसंच आहे.)

मुलगा : तिला अजून अपघातच वाटतोय?

आई : सकाळपर्यंत तरी.

मुलगा : दुसरा मजला म्हणालीस ना?

आई : हो. काचेचं दार. पट्ट्या गुंडाळून देऊ का तुझ्या?

मुलगा : राहू देत तारेवर.

आई : थांब, मीही येते. पण बाक लहान आहे हं, दोघींपुरताच.

मुलगा : मी उभा राहीन.